रिआयत

आमच्या घरात कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत एक कागदी पिशवी घडी घालून ठेवलेली असायची. जाड खाकी कागदाची, दोरीचे बंद असलेली, आणि वर एका महागड्या दुकानाचं नाव छापलेली. त्या दुकानातून मी उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा काही घेतलं असेल. पिशवी मात्र दोन-तीन वर्षं जपून ठेवली. नणंदेकडे काही न्यायचं असलं, मुख्याध्यापिकाबाईंकडे ईदचा डबा द्यायचा असला, की ती बाहेर निघायची. वर नाव त्या दुकानाचं, आत माल दुसऱ्याच दुकानाचा. ही लबाडी मी आणि माझा अल्लाह, दोघांनाच ठाऊक आहे असा माझा समज होता.

2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तोवर बहुतेकांच्या हातात सारख्याच पातळ पिशव्या असत. कोण कुठल्या दुकानातून येतंय ते चटकन कळत नसे. बंदीनंतर दुकानांनी आपापल्या नावाच्या कापडी आणि कागदी पिशव्या काढल्या, आणि माणसाचं दुकान त्याच्या हातात दिसायला लागलं. शेजारीण जिन्यात भेटली की आधी पिशवीकडे बघते, मग तोंडाकडे. मीही तेच करते.

आम्ही पुण्यात कोंढव्याला राहतो. या टोकाला जुन्या, दाटीच्या वस्त्या. त्या टोकाला लिफ्टच्या, पोहण्याच्या तलावाच्या सोसायट्या. मधल्या रस्त्यावर दोन्हीकडच्या लोकांची दुकानं आहेत. एक डिस्काउंटचं मोठं मार्ट. तिथे रविवारी संध्याकाळी ट्रॉली मिळवायला ट्रॉली सोडणाऱ्याच्या मागे मागे पार्किंगपर्यंत जावं लागतं. दुसरं ते महागडं दुकान. तिथे थंडगार हवा, मंद दिवे, काचेत मांडलेली परदेशी फळं, आणि काउंटरवर रांग नाही. तिसरं शेठचं किराणा दुकान. पाच फूट रुंद, दारात तांदळाची पोती, आणि गल्ल्याशेजारी लाल कापडात बांधलेली उधारीची वही.

आमच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये यावरून दोन पक्ष आहेत. एक बाजी म्हणतात, "त्या गर्दीत धक्के खायला कोण जाईल? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण माणसात असल्यासारखं वाटलं पाहिजे." दुसऱ्या मॅडम म्हणतात, "साखर इथली काय नि तिथली काय, गोडच लागते." कॉमर्स शिकवलेले आमचे एक सर दोन्ही पक्षांना धडा देतात. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 साली मुंबईत पवईला निघालं. सर सांगतात, बहुतेक जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या, म्हणून भाड्याचा बोजा नाही. माल पुरवणाऱ्याला पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव उतरवून घ्यायचा. भराभर खपेल तोच माल ठेवायचा. सजावटीवर खर्च करायचा नाही. 2017 साली कंपनीचा शेअर बाजारात आला, तेव्हा 299 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 600 च्या वर उघडला. सर हे फार अभिमानाने सांगतात, कारण त्यांच्याकडे ते शेअर आहेत. पण स्वतः सर तिथे कधी दिसत नाहीत. भाभी जातात, आणि त्याही बुधवारी दुपारी, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा वेळी. शेअर घ्यायला सरांना लाज वाटत नाही, साखर घ्यायला वाटते.

मी कुणाला हसणार? 2014 साली मी शिक्षण सेवक म्हणून लागले तेव्हा माध्यमिकचं मानधन महिना 8000 रुपये होतं. बी.एड. झालेली मुलगी, घरात "टीचर" म्हणून मान, आणि हातात 8000. ती तीन वर्षं आम्हाला डिस्काउंटच्या दुकानानेच तारलं, हे मी कबूल करते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे आणि मी स्कूटरवर जायचो. यांच्या पायांत तेलाचा डबा, माझ्या मांडीवर पीठ. बिलाच्या खाली "तुमची बचत" म्हणून आकडा छापलेला असायचा. तो मी घरी येऊन मोठ्याने वाचायची. पगार वाढला तसं मोठ्याने वाचणं बंद झालं. जाणं मात्र बंद झालं नाही.

त्या दुकानाची एक गोष्ट मला आवडते. आत जाताना सगळ्यांच्या पिशव्यांची तोंडं बांधतात. बाहेर पडताना सगळ्यांची बिलं तपासतात. साडीवाली असो, बुरखेवाली असो, नाही तर कानाला मोबाइल लावलेला साहेब असो. संशय आहे, पण सगळ्यांवर सारखा आहे.

महागड्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती नणंदेच्या मुलीसाठी चांगली चॉकलेटं घ्यायला. अंगावर बुरखा होता. गणवेशातला एक मुलगा या रॅकपासून त्या रॅकपर्यंत माझ्या मागे. "मॅडम, कुछ चाहिए?" असं त्याने तीनदा विचारलं. शेजारी जीन्समधल्या एक बाई एकेक बाटली उचलून सावकाश तिच्यावरचं लेबल वाचत होत्या. त्यांना कुणी एकदाही विचारलं नाही. कदाचित तो मदतच करत असेल. पण मी मास्तरीण आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये मीही मुलांच्या मागे अशीच फिरते. मदतीचं फिरणं आणि पहाऱ्याचं फिरणं मला वेगळं ओळखता येतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने बाहेर पडावं. मी काय केलं? चॉकलेटं तर घेतलीच, वर गरज नसताना 640 रुपयांचे खजूर घेतले. काउंटरवर नोटा जरा जोरात ठेवल्या. त्या मुलाच्या अंगावरून ती कागदी पिशवी हलवत बाहेर आले. कपाटामागची पिशवी ती हीच. ज्या दुकानाने माझ्यावर पहारा ठेवला त्याच दुकानाचं नाव मी पुढे जपत राहिले. आज हे लिहिताना त्याचं नवल वाटतं.

पण हा गुण माझा एकटीचा नाही, तो घराण्यातून आला आहे. माझं माहेर सोलापूरचं. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. रेशनच्या दुकानातून गहू, साखर, रॉकेल यायचं. अम्मी रेशनच्या रांगेत तोंडावरून पदर ओढून उभी राहायची आणि परत येताना पिशवीत वर मेथीच्या दोन जुड्या ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, भाजी आणायला गेली होती. मला ते तेव्हा कळत नव्हतं. मी विचारायची, "अम्मी, रोज मेथीच का?" अम्मी म्हणायची, "मेथी का पाला ऊँचा रहता, बेटा." उंच पाल्याखाली रेशन झाकलं जायचं. माझ्या कागदी पिशवीनेही तेच काम केलं.

बाकीचा माल कोपऱ्यावरच्या अण्णांकडून यायचा. अण्णांची वही होती. मी चिठ्ठी घेऊन जायची, अण्णा माल बांधून द्यायचे आणि वहीत लिहायचे. पगाराच्या दिवशी अब्बा चहा प्यायच्या आधी अण्णांकडे जायचे. रमजानात अण्णा न मागता शेवया आणि खोबरं बांधून ठेवायचे. त्यांचा भाव बाजारापेक्षा थोडा चढा आहे हे अब्बांना माहीत होतं. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही.

ही लाज फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. माझी मामेबहीण लग्न होऊन इंग्लंडला, लेस्टरला गेली. तिकडे आल्डी नावाचं स्वस्त दुकान आहे, मूळ जर्मनीचं. एसेन शहरात आईच्या लहानशा दुकानातून अल्ब्रेख्त नावाच्या दोघा भावांनी ते वाढवलं. मोजके प्रकार, खोक्यातच मांडून ठेवलेला माल, कमीत कमी नोकर, म्हणून भाव कमी. 1990 साली ते ब्रिटनमध्ये आलं आणि 2022 साली तिथलं चौथ्या क्रमांकाचं सुपरमार्केट झालं. वेट्रोज हे दुसऱ्या टोकाचं, बड्या लोकांचं दुकान. बहीण फोनवर हसत सांगत होती, "आपा, माझी गोरी शेजारीण आल्डीत जाताना वेट्रोजची पिशवी घेऊन जाते. सामान त्यात भरते आणि गल्लीतून ऐटीत येते." मी पण हसले. हसताना नजर कपाटाकडे गेली.

इथवर सगळी गंमत होती. गंमत संपली ती माझ्याच वर्गात.

आठवीच्या गणितात "सूट व कमिशन" हे प्रकरण आहे. छापील किंमत, विक्री किंमत, शेकडा सूट. मी उर्दूतून शिकवते, तेव्हा सुटीसाठी "रिआयत" हा शब्द वापरते. मला तो शब्द फार आवडतो. त्यात नुसता हिशोब नाही. समोरच्याची परिस्थिती ओळखून दिलेली सवलत, थोडा लिहाज, असा त्याचा अर्थ आहे. 2024 च्या फेब्रुवारीत, रमजान तोंडावर आला असताना, मी मुलांना सांगितलं, "उद्या घरून कुठल्याही दुकानाचं एक बिल आणा. आपण प्रत्येकाच्या घरची रिआयत काढू." बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की गणित मुलांच्या अनुभवाशी जोडावं. माझ्या मते मी फार छान जोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकांवर बिलंच बिलं. हातभर लांब बिलं दाखवत मुलं एकमेकांना खिजवत होती. शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हात बांधून बसली होती. हुशार मुलगी, गृहपाठ कधी न चुकवणारी. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "तुझं बिल कुठे?"

ती उभी राहिली. "टीचर, हमारे इधर बिल नै मिलता."

वर्ग हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मग काल घरात काय आणलं ते फळ्यावर लिही." तिने लिहिलं: साखर पाव किलो 12 रुपये, तूरडाळ पाव किलो 46 रुपये, तेल 150 मिलिलिटर 20 रुपये. एकूण 78. मग मी एका मुलाच्या लांब बिलावरचे भाव घ्यायला सांगितले. साखर 42 रुपये किलो, तूरडाळ 160 रुपये किलो, तेल 112 रुपये लिटर. मुलांनी हिशोब केला. तेवढाच माल त्या भावाने 67 रुपये 30 पैशांना आला असता. फरक 10 रुपये 70 पैशांचा. म्हणजे तिच्या आईने शेकडा सोळा रुपये जास्त दिले होते.

पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, ये तो उलटी रिआयत हुई."

यावर कुणी हसलं नाही. मुलगी फळ्यापाशी तशीच उभी होती, हातात खडू. मी तिला बसायला सांगितलं आणि पुढचं उदाहरण घेतलं. घंटा होईपर्यंत मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

इतकी वर्षं मी समजत होते की डिस्काउंटचं दुकान गरिबांचं, आणि तिथे जाताना आपल्याला थोडं खाली उतरावं लागतं. त्या फळ्यावर मला दिसलं, की तिथे जायला आधी थोडं वर चढावं लागतं. महिन्याचा माल एकदम घ्यायचा तर दोन-तीन हजार रुपये एका दिवशी एका हातात लागतात. तो आणायला स्कूटर किंवा रिक्षाचे पैसे लागतात. ठेवायला डबे आणि जागा लागते. एवढं ज्याच्याकडे आहे त्याला दुकान सूट देतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो पाव किलोने घेतो, आणि पूर्ण किंमत देतो.

चार दिवसांनी पालकसभा होती. तिची आई आली. सोसायट्यांमध्ये चार घरची धुणीभांडी करते. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, रोजंदारीवर. मी तिला बाजूला घेतलं आणि वर्गात जे झालं त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "उसमें क्या, टीचर? बच्ची ने घर आके हम सबको हिसाब सिखाया." मग मी माझं शहाणपण सुरू केलं. म्हटलं, महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका, एकदा माझ्यासोबत मार्टमध्ये चला, स्कूटरवर सामान आणून देते. वर्षाचे किती वाचतील तेही तोंडी काढून सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक मेमसाब एक तारीख को देती, दुसरी दस को, तिसरी मांगे तो देती. एक हाथ में इतना पैसा कब आता, टीचर? और आया भी, तो नगद उधर देऊँ, और मुसीबत में उधार शेठ से मांगूँ? किस मुँह से?"

मी गप्प झाले. ती पुढे सांगत राहिली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये सोसायट्यांचे दरवाजे तिला बंद झाले. नवऱ्याचं काम थांबलं. तीन महिने शेठने वही चालू ठेवली. एकदाही "आधीचे द्या" म्हणाला नाही. तो हिशोब फेडायला तिला दीड वर्ष लागलं. "वो दस रुपये ज्यादा लेता, मालूम है मेरे को," ती म्हणाली. "वो दस रुपये में वो मेरा नाम याद रखता."

घरी येताना मला अण्णांची वही आठवली. अब्बांना चढा भाव माहीत असूनही ते का बोलत नव्हते, ते पोरवयात मला कळलं नव्हतं. बी.एड. करूनही कळलं नव्हतं. तरीही मनातून ते सोळा टक्के जात नव्हते. शेठची भलाई खरी, आणि फळ्यावरचा हिशोबही खरा. गरिबाला अडचणीच्या वेळी मिळणारा आधार रोजच्या साखरेतून विकत घ्यावा लागतो. याला रिआयत म्हणायचं की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी ईद 11 एप्रिलला आली. आदल्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी शीरखुर्म्याचं सामान पाठवलं. शेवया, साखर, खजूर, थोडा सुकामेवा. माल अर्थातच मार्टमधला. आणि हात सवयीने कपाटामागे गेला. चांगल्या पिशवीतून दिलं म्हणजे बरं दिसेल, असं वाटलं असणार. कुणाला बरं दिसेल, हा विचार मी केला नाही.

ईदनंतर शाळा भरली तेव्हा मुलगी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात आली. हातात तीच पिशवी. आत स्टीलच्या डब्यात गुलगुले, आईने केलेले.

"अम्मी ने बोला, थैली टीचर को वापस दे. उनको लगती होंगी," ती म्हणाली. मग थोडं हसून, "अम्मी बोली, इस दुकान का खजूर ऐसे पाकीट में नै आता. मेमसाब के लिए वोइच लाती न. पर अम्मी बोली, मेमसाब भी शक्कर मार्ट से ही मंगाती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे आहे ते तिने सांगितलं. पाकिटावर मार्टचं लेबल तसंच होतं, किमतीसकट. मी काढायला विसरले होते. स्टाफरूममधल्या बाजी माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझे कान तापले. मग मला हसू आलं, आणि मुलगीही मोकळी हसली.

गुलगुले आम्ही सगळ्यांनी खाल्ले. सरांनी दोन जास्त घेतले. पिशवी मी घरी आणली नाही. शाळेच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला ती कामाला आली.

डबा परत करायचा होता. भांडं रिकामं पाठवू नये, असं अम्मी म्हणायची. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी शेठच्या दुकानासमोर स्कूटर थांबवली आणि पाव किलो साखर मागितली. शेठने तोलून पुडी बांधली. मी 12 रुपये दिले आणि सवयीने हात पुढे करून थोडा वेळ तशीच उभी राहिले.

शेठ म्हणाला, "क्या हुआ, टीचर?"

"काही नाही," मी म्हटलं. साखर डब्यात ओतली आणि शाळेत गेले. बिल तिथे मिळत नाही.